बुधवारचा अध्याय

— न्हाई गं, ती दौंडची न्हाई, निमोण्याची हाय. पाटी नीट बघ की. उठू नगं, बस खाली. आन् तो खोका सारखा हालवू नगं, आत काच आसती — टीव्हीच हाय न्हवं? वाटलंच मला. कलर? आता बिनकलरचा कोण घेतंय म्हणा. दौंडला सासर व्हय तुझं? रेल्वेत हायत मालक? बरं हाय बाई, पास मिळंल, फिरशील. मी बी दौंडलाच चाललीय. आपल्या गाडीला लई येळ हाय अजून, हे शिरूरचं बसस्टँड म्हंजी काय सांगावं — येळापत्रक भिंतीवर आन् गाडी कुठं तरी घोडनदीच्या पुलावर. बस निवांत. पाणी हाय का तुझ्याकडं? हे घे. माठाचं हाय, फ्रीजचं न्हाई. आमच्याकडं फ्रीज बी हाय, न्हाई आसं न्हाई, पण मी आपली माठाचंच घेते. म्हंजी आता घेते. मधी घेत नव्हते.

शाल? अगं उन्हाळ्यात कोण शाल घेतं म्हणून बघतीयास व्हय? बघ की, बघ, चांगली हाय, लोकरीची. चर्चमधी दिली मला, रविवारच्या उपासनेला, सगळ्यांच्या म्होरं. आम्ही ख्रिस्ती. हितलीच मी, शिरूरची, सिंधूबाई म्हणत्यात मला. मुलींच्या बोर्डिंगात सैपाकाला हुते, पंचवीस-तीस वरसं भाकरी थापल्या, आता रिटायर. आज दौंडला महिला मंडळाची सभा हाय, लांबलांबच्या बाया येणार, आन् तिथं माझा सत्कार हाय. हासू नगं! मला बी हासू येतं. सैपाकीण बाईचा कसला सत्कार — पण हाय. साक्ष द्यायची हाय मला. साक्ष म्हंजी कोर्टातली न्हवं गं, देवानं आपल्यासाठी काय केलं आन् आपण त्याच्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं. अनसाबाई येणार हायत मला न्यायला, मंडळाच्या अध्यक्षीण. त्या म्हणल्या, घरनं नगं, स्टँडवर भेटा, शाल घिऊन या.

काय केलं मी? सांगते की. निमोण्याला एक आक्काबाई हुती. आमच्याच समाजाची. पूर्वी तिथं आमची सात-आठ घरं हुती, मग कोण पुण्याला गेलं, कोण नगरला, आन् ऱ्हायली ही एकटीच. आंधळी. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळं गेलं. नवरा वारला, लेकरू न्हाई, शेजारची विठाबाई तेवढी भाकरतुकडा बघायची. तर तिच्या नवऱ्याच्या मातीला मी गेले हुते, आन् ती माझा हात धरून म्हणली, सिंधू, ते हुते तवर मला रोज शास्त्र वाचून दाखवायचे, आता कोण वाचंल? आन् मी — मी तवा जवान, तोंडाची फटकळ, पटकन म्हणून गेले, मी वाचीन की. बुधवारी मला बोर्डिंगात सुट्टी आसती, दर बुधवारी येते, एक अध्याय वाचते. म्हणले आन् झालं. मातीवर उभं राहून दिलेला शबूद. मोडता येतो का?

तर पहिल्या पानापासनं सुरू केलं आम्ही. आठवड्याला एक. लई मोठं हाय गं आमचं शास्त्र, म्हंजी बायबल, तुला वाटंल दोन-चार वरसांत उरकलं आसंल — तेवीस वरसं! तेवीस वरसं ही निमोण्याची एस्टी मी बुधवारी धरलीय. पावसात, उन्हात, दाविद कडंवर हुता तवा सुदीक — दाविद माझा ल्योक. तिथं पोचायचे तर आक्काबाई उंबऱ्यात बसलेली. सकाळीच आंघूळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, कान रस्त्याकडं. नुसत्या गाडीच्या आवाजावरनं वळखायची, म्हणायची आज डायवर दुसरा हाय. आन् एक अक्षर सोडू द्यायची न्हाई. शास्त्रात काय पानंच्या पानं नुसती नावं हायत — ह्याला तो झाला, त्याला हा झाला — वाचताना जीभ वाळून जाती. मी एकदा गाळली चार वळी, तिला कसं कळलं देव जाणे, म्हणली, सिंधू, गाळू नगं. त्यांच्या बी आयांनी नावं ठिवली हुती, घे त्यांची नावं. घेतली, काय करणार. मग शेंगा उकडून ठिवलेल्या आसायच्या, त्या खायच्या, आन् परतीची गाडी. एकदा मी तिला म्हणलं, आक्का, मधलं सोडून शेवटचं आधी वाचू का? न्हाई म्हणली. शेवट शेवटालाच ऐकायचा. तेवढ्यासाठी तर जगतीय.

बघ, कंडक्टर चहा पितोय अजून. जाईल निमोण्याची, जाईल. त्यांना काय घाई आसती व्हय.

मग काय झालं, दाविद रांजणगावला कंपनीत लागला. परमनंट. लई देवाचे उपकार मानले आम्ही, चर्चमधी केक वाटला. आन् एकेक यायला लागलं घरात. आधी टीव्ही आला. तुझा केवढा हाय? तेवढाच आमचा. आता तो ठिवायचा कुठं? तर बाहेरच्या खोलीत एक टेबल हुतं, त्याच्यावर आमचं शास्त्र आसायचं, कंदिलाच्या काळापासनं, संध्याकाळी त्याच्याभवती बसून घरची प्रार्थना व्हायची. त्या टेबलावर टीव्ही ठिवला. मग शास्त्र टीव्हीच्या वर ठिवलं. मीच ठिवलं. मनाशी म्हणले, उलट उंचावर गेलं की, मान वाढला! मग सून, एस्तेर, चांगली हाय पोरगी, हाताची कलाकार — तिनं टीव्हीवर घालायला क्रोशाचं कव्हर इणलं, फुलदाणी ठिवली, मग फुलदाणीला जागा पुरंना म्हणून शास्त्र गेलं कपाटात. कुणी काढलं, कवा काढलं, खरंच सांगते, ध्यानात सुदीक न्हाई. कुणी भांडलं न्हाई, कुणी देवाला सोडलं न्हाई, काय न्हाई. प्रार्थना हुती की. आधी साताला हुती, मग बातम्या झाल्यावर साडेसातला, मग ती मालिका झाल्यावर, मग झोपताना ज्यानं त्यानं आपली आपली.

तू आशी तोंड पाडू नगं गं. टीव्ही काय वाईट न्हाई. मी काय त्या टीव्हीला पाप म्हणत न्हाई, आमच्यात काय लोक म्हणत्यात, मला न्हाई पटत. देवानं दिलंय तर न्हाई कशाला म्हणायचं? जलमभर चुलीम्होरं धूर खाल्ला, म्हातारपणी जरा सोफ्यावर पाय पसरले तर कुणाचं काय जातं? आसंच म्हणत हुते मी. अजून बी म्हणते. तू घिऊन चाललीयास ते चांगलंच करतीयास. फकस्त — टेबल दुसरं घे त्याला. एवढंच.

तर ती दुपारची मालिका. नाव नगं घ्यायला, तू बी बघत आसशील. बरोबर एकाला लागायची, आन् निमोण्याची गाडी बी एकाची. पहिल्यांदा एक बुधवार चुकला, गुडघा दुखत हुता — खरंच दुखत हुता. मग दुसरा चुकला. आक्काबाईकडनं निरोप, बरी हाय का सिंधू? मला लाज वाटली, गेले. मग पुन्हा चुकला. आन् गंमत बघ, सगळं आता संपत आलं हुतं! तेवीस वरसं काढली आन् शेवटचे चार अध्याय ऱ्हायले हुते, चारच, हाताच्या बोटावर. तर मला युगत सुचली. दाविदनं टेप आणलेला, आवाज भरायचा. म्हणलं, चारी अध्याय आपल्या आवाजात भरते, टेप निमोण्याला धाडते, आक्का कवा बी लावंल, पायजे तितक्यांदा ऐकंल. कसली हुशार मी! दाविद म्हणला, आई, तू तर मॉडर्न झालीस. आन् मी फुगले. बसले सोफ्यावर, मांडीवर शास्त्र, बाजूला टेप, दोन बटणं एकदम दाबायची आसत्यात, ती दाबली, आन् वाचलं. चारी. एका बैठकीत. आन् दगडोबाच्या हातनं धाडून दिला टेप. दगडोबा म्हंजी निमोण्याचाच, हितं बाजारला भाजी घिऊन येतो.

टीव्ही चालू हुता का? बघ, इचारलंसच तू. म्हंजी — तोंडानं न्हाई इचारलंस, पण डोळ्यात दिसलं मला.

चालू हुता. लग्न हुतं त्या दिवशी मालिकेत.

मग आठवडा झाला, पंधरा दिवस झाले. मी मोकळी. खरंच मोकळी वाटलं मला, डोक्यावरची पाटी उतरल्यावानी. आन् बाजारच्या दिवशी दगडोबा भेटला. मी आन् एस्तेर कूलरचा स्टँड घ्यायला आलो हुतो, रिक्षात बसत हुतो, तर हा आला वांग्याची पाटी घिऊन आन् म्हणला, सिंधूबाई, आक्काबाईचा निरोप हाय. टेप अर्धाच बोलतोय. मी म्हणलं, अर्धा कसा? तर म्हणला, ती म्हणती, पाल्यापतूर आलंय, पुढं बंद पडलं. पुढं डोळ्याचं काय हाय का, तेवढं सिंधूला इचार.

तुला न्हाई कळायचं. थांब, सांगते. शेवटच्या अध्यायात एक नदी हाय, लई सोच्छ, देवाच्या आसनाखालनं निघती. आन् तिच्या काठाला एक झाड हाय. त्या झाडाच्या पाल्यानं सगळी माणसं बरी हुत्यात — आसं हाय. आता आक्काबाई खेड्याची, तिला पाला म्हणल्यावर काय वाटंल? निगडीचा पाला, अडुळशाचा पाला, आंगाला चोळायचा, डोळ्यावर बांधायचा. तिच्या आईनं बांधला हुता तिच्या डोळ्यावर, लहानपणी, देवी आल्या तवा, कसला कसला पाला. उपेग झाला न्हाई. तर तिला वाटलं, त्या झाडाच्या पाल्यानं डोळं बी बरं हुत्यात का, हे पुढं लिहिलं आसंल. आन् टेप तिथंच बंद पडला.

आन् बाई गं, लिहिलंय पुढं. लिहिलंय! पुढं लगीच, एक वळ सोडून. त्या नगरात माणसांना देवाचं तोंड दिसंल म्हणून लिहिलंय. डोळ्यानं दिसंल. मला तो अध्याय पाठ हाय, बोर्डिंगात पोरींकडनं म्हणून घ्यायचे मी. तिथं रिक्षात एक पाय ठिवून मला सांगता आलं आसतं दगडोबाला — आरं, सांग तिला, दिसंल म्हणावं, आक्का, दिसणार हाय तुला. एवढंच. किती येळ लागतो? तू आत्ता पाण्याचा घोट घेतलास तेवढा. पण रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, आन् एस्तेर म्हणली, आई, चला की, दुकान बंद हुईल. आन् मी म्हणलं, तिला म्हणावं दम धर, येत्या बुधवारी येते, समक्ष वाचते.

पहिल्या बुधवारी मालिकेत त्या पोरीची सासू पायऱ्यावरनं पडली. दुसऱ्या बुधवारी कूलर बसवायला माणूस आला. आन् तिसऱ्या बुधवारी — तिसऱ्या बुधवारी काय हुतं? मी लई आठवून बघते, रोज आठवून बघते. काय बी नव्हतं गं. लाइट सुदीक गेली हुती, टीव्ही बंद. नुसती बसले हुते सोफ्यावर. कूलर बंद, घाम येत हुता, आन् बसले हुते. घड्याळात एक वाजलेला बघितला मी. गाडी सुटली आसंल आता, आसं मनात म्हणले बी.

शनिवारी आक्काबाई गेली.

न्हाई, रडत न्हाई मी. धूळ हाय हितं, गाड्या मागं घेत्यात न्हवं.

मातीला गेले. पाळकसाहेब, म्हंजी आमच्या चर्चचे पाद्री, आले हुते, चर्चमधले आठ-धा जण आले हुते. आन् पाळकसाहेबांनी खड्ड्याच्या कडंला उभं राहून सगळ्यांसमोर इचारलं, सिंधूबाई, ह्या माउलीला तुम्ही सगळं शास्त्र वाचून दाखवत हुता. झालं का पुरं? आता तू सांग, तिथं काय बोलायचं? शास्त्र त्यांच्या हातातच हुतं. मी म्हणू शकत हुते, न्हाई साहेब, जरासं ऱ्हायलंय, द्या हिकडं, मी आत्ता वाचते. माती पडायच्या आधी. मेलेल्या माणसाला ऐकू येतं का न्हाई ते देवाला ठावं, पण मी म्हणले आसते तर — पण माझ्या तोंडातनं निघालं, व्हय साहेब, झालं. सगळं झालं.

मग काय, साहेबांच्या डोळ्यांत पाणी. पुढच्या रविवारी उपदेशच माझ्यावर. एका गरीब बाईनं तेवीस वरसं, बघा म्हणले, तुम्ही-आम्ही टीव्हीम्होरं बसतो आन् ही बाई — आन् मी खाली बघत बसले. एस्तेरनं माझा हात दाबला. आन् ही शाल घातली. त्याच्यावरनं दौंडला कळलं, आन् आता हे मोठं मंडळ.

आन् ते बी एक घडलं मधी, ते तुला सांगू का नगं? तशी तू काय आमच्यातली न्हाईस, कुणाला सांगणार हाईस! विठाबाई आली घरी, टेप परत द्यायला. आन् ही बघ, माझ्या हातात हाय ती, ही कॅसेट. एस्तेर बाजारला गेली हुती, मी सैपाकघरात लावून बघितली. माझाच आवाज. घाईघाईनं वाचतीय, जशी गाडी चुकंल. आन् मागं मालिकेचं गाणं. वाचता वाचता मधीच थांबते आन् इचारते, लागलं का गं लग्न? आन् एस्तेर हासती. मग जरा वाचते, मग म्हणते, चहा टाक. मग कपाचा आवाज, भुरका. शास्त्राच्या मधोमध माझा भुरका! कॅसेट किती खाल्ली त्यात, काय इचारू नगं. म्हणून तर ती पुरली न्हाई शेवटाला. संपल्यावर बटण खाड्कन वर येतं त्याचं, मोठा आवाज हुतो, पण टीव्हीम्होरं मला ऐकूच आलं न्हाई. मी पुढं वाचत ऱ्हायले. सगळं वाचलं मी, शेवटपतूर वाचलं — बंद टेपला.

मी विठाबाईला इचारलं, आक्का चिडली हुती का गं माझ्यावर? वाटलं, चिडली आसती तर बरं. विठाबाई म्हणली, छ्या! दर बुधवारी आंघूळ करून, धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसायची, टेप मांडीवर, मला लावून द्यायला सांगायची. आन् त्यात तो चहाचा आवाज आला का हासायची, म्हणायची, हां, आता चहा प्याली माझी सिंधू. दमती बिचारी. तेवढंच मागं फिरवून दोनदा ऐकायची. आन् शेवटी पाल्यापाशी आलं, खाड् झालं, का मग गप बसून ऱ्हायची, कान रस्त्याकडं. एकाच्या गाडीची वाट बघत.

बेल मारली. बघ, निघाली निमोण्याची.

मी जाणार हुते तिनं. घरनं निघताना तेच ठरवलं हुतं. आज बुधवारच हाय. पिशवीत शास्त्र हाय, शपथ, बघ — ही काय खूण घातलीय पानात. म्हणलं, दौंडला न्हाई जायचं, निमोण्याला उतरायचं, तिच्या मातीपाशी बसायचं, आन् ते ऱ्हायलेलं पान वाचायचं, कुणी ऐकू न ऐकू. मग परत यिऊन पाळकसाहेबांना सांगायचं, ही घ्या तुमची शाल. पळत गेले तर अजून घावंल गाडी. फाटकापाशी थांबती ती, मला ठावं हाय, तेवीस वरसं... हात केला तर थांबंल.

तू माझ्या तोंडाकडं का बघतीयास? जा म्हणतीयास? व्हय गं, जाते, उठतेच हाय. जरा ही पिशवी —

अगं बया, अनसाबाई आल्या.

या, या अनसाबाई! न्हाई हो, कुठला येळ, आत्ताच तर आले. गाडीत गर्दी हाय का? जागा धरलीय का माझी? लई बरं केलंत. शाल व्हय, ही काय, घेतलीय की. नीट हाय न्हवं खांद्यावर? व्हय, साक्ष सगळी तयार हाय मनात. आक्काबाईचंच सांगायचं, दुसरं काय. पहिल्या पानापासनं शेवटच्या पानापतूर — व्हय, शेवटपतूर. देवाची कृपा, माझं काय त्यात.

ही? न्हाई हो, वळख न्हाई. दौंडची पोरगी हाय कुणाची तरी. टीव्ही घेतलाय तिनं, कुठला घेतला म्हणून इचारत हुते. हातात? ही व्हय... काय न्हाई, कॅसेट हाय. गाण्याची. जुनी हाय, लागत न्हाई आता. चला, चला, गाडी लागली. तू मागनं चढ गं पोरी, तुझा खोका मोठा हाय.